पाणी मिठाकडे जातं

सूरमध्ये, खाडीच्या तोंडाशी,
जुन्या गलबतांच्या फासळ्या उन्हात उघड्या पडल्यात,
त्यांच्या पलीकडे आमचा प्लांट.
बावीस वर्षं मी समुद्रातून मीठ काढतोय.
समुद्र अजून खारटच आहे.
हा विनोद मी प्रत्येक नव्या पोराला ऐकवतो.

मग त्याला पहिला धडा देतो:
मधे पडदा लाव. इकडे गोडं पाणी, तिकडे खारं.
आणि काही करू नकोस, चहा पिऊन ये.
येईपर्यंत गोडं पाणी
आपल्या पायांनी मिठाकडे निघालेलं असेल.
कुणी ढकललेलं नसेल.
उलटं आणायचं तर साठ बार दाब लागतो,
आणि तो पाण्यात नसतो.
पंपातून यावा लागतो.
पोरगं वहीत लिहून घेतं.
मी दुसरीकडे बघतो.

अब्शालोम उजगरे.
मिशनच्या बोर्डिंगात त्याची पेटी माझ्या पेटीला लागून होती.
मीच त्याला इथे आणलं, कर्जाला जामीन राहिलो,
आणि एका गुरुवारी रात्री तो विमानात बसला.
सहा हजार रियाल.
सात वर्षं माझ्या पगारातून कापले गेले,
त्यातच रिबेकाचं नर्सिंग कापलं गेलं.
लेक आता दुकानात साड्यांच्या घड्या घालते.
तक्रार करत नाही.
तेच जास्त खुपतं.

शुक्रवारी पहाटे आम्ही सात जण व्हॅनने मस्कतला जातो,
चार मल्याळी, दोन तेलुगू, मी.
रुवीच्या चर्चमध्ये, पंख्याखाली, डोळे मिटून
मी त्याला क्षमा करतो.
खरोखर करतो, देवा, तू पाहिलंयस.
आणि परतताना कुरियात येईपर्यंत
पुन्हा व्याज मोजायला लागलेला असतो.
अकरा वर्षं. दर शुक्रवारी क्षमा,
दर शुक्रवारी तीच परत घेतलेली.
शेवटी शेवटी प्रभुभोजनाचा प्याला आला
की मी तसाच पुढे सरकवायचो.
शेजारचा मॅथ्यू काही विचारायचा नाही,
फक्त थोडं हलून जागा करायचा,
जशी आजारी माणसाला करतात.

मग रात्रपाळीत फोन.
"नाथा, मी अब्शा. मिरजेहून.
किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर."
पैशांचं तो बोलला नाही.
माझ्या टेबलावर लॉगबुक, त्याच्या शेवटच्या पानावर
तारीखवार सगळा हिशेब.
वाचून दाखवायलाच मी तोंड उघडलं.
आणि निघालं भलतंच:
"पडदा कुठल्या कंपनीचा आहे रे?"

तो हसला. बराच वेळ हसला.
मग तिकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला.
मी अर्धा तास त्याला समजावत होतो,
रक्त इकडून जातं, पाणी तिकडून,
मधे केसासारख्या नळ्या, भिऊ नकोस,
पडद्याला फक्त वेळ द्यायचा असतो.
पुढच्या खेपेला सुई लावतील तेव्हा मला फोन लाव, म्हणालो.
आता सांगतो, तो आवाज माझा नव्हता.
माझा आवाज मी ओळखतो.
तो हिशेबाचं पान उघडून बसला होता.

फोन ठेवल्यावर हात थरथरत होते.
पंपांच्या मधल्या अरुंद जागेत उकिडवा बसलो.
"तू होतास का?" एवढंच विचारलं.
पंपांची घरघर चालू होती.
पाठीमागच्या भिंतीतून ती हाडांपर्यंत येत होती.
पलीकडे अयजाच्या मशिदीत पहाटेची बांग झाली,
आणि मी लॉगबुकात लिहिलं:
दाब स्थिर. पाणी ठीक.
शेवटचं पान फाडलं नाही.
खोटं कशाला बोलू?

त्या शुक्रवारी प्याला घेतला.
मॅथ्यूने या वेळी जागा केली नाही,
खांद्याला खांदा लावून बसून राहिला.

परतताना कुरियात गेलं.
मी खिडकीतून बघत राहिलो, डोंगर, शेळ्या, एक बंद पडलेला टँकर.
काही सुरू झालं नाही.
मग फिन्स आलं, डावीकडे समुद्र दिसला,
आणि डोक्यात रिबेकाची फी, साडेचार टक्के, सात वर्षं.

म्हणजे पन्नासेक किलोमीटर.
अकरा वर्षांत पन्नासेक किलोमीटर.
माझ्या पायांनी
तेवढंही झालं नसतं.